तुला काय आवडतं, सुनंदा?

दसरा उलटला की वसईचं ऊन बदलतं. पावसाळाभर भिंतींनी पिऊन ठेवलेलं पाणी ते ओढून घेतं. आमच्या माणिकपूरच्या बिल्डिंगवरचे हिरवे डाग काळे पडतात, गच्चीवर गाद्या निघतात, आणि शाळेत मुलं पहिल्या तासालाच वहीने वारा घेऊ लागतात. पावसाचं कौतुक होतं, थंडीचं होतं; मधल्या या घामट, पिवळ्या दिवसांना सगळे नावंच ठेवतात. मीही ठेवायची. आता हे दिवस आले की शाळा सुटल्यावर मला घरची वाट धरवत नाही. पाय सांडोर गावच्या रिक्षांच्या रांगेकडे वळतात. रांगेत उभी राहते, नंबर आला की बाजूला होते आणि मागच्या बाईला म्हणते, तुम्ही बसा. जायचं कोणाकडे?

तीन वर्षांपूर्वी जायला कोणी होतं.

फिलोमिना माझी मैत्रीण. शाळेत ती मराठी शिकवायची, मी गणित. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी शेजारी होत्या आणि त्यांच्यामुळेच आमची मैत्री झाली. नाहीतर माण तालुक्यातून लग्न होऊन आलेली मी आणि सांडोरच्या केळीच्या वाडीत वाढलेली ती, आमची गाठ पडायचं कारण नव्हतं. तिने लग्न केलं नव्हतं. भाऊ बावतीस आणि वहिनी रेजिना यांच्याबरोबर ती वडिलांच्या घरात राहायची. तिचं हसणं दोन वर्ग पलीकडे ऐकू जायचं. नोटीस बोर्डावर ऱ्हस्वदीर्घाची चूक दिसली की पर्समधून लाल पेन काढून ती तिथल्या तिथे दुरुस्त करायची, मग नोटीस मुख्याध्यापकांनी लावलेली का असेना. दुसऱ्याच्या डब्यातलं हक्काने खायची आणि खाऊन झाल्यावर त्याला नावं ठेवायची.

त्या वर्षी पावसाळ्यात तिच्या पोटात दुखू लागलं. गणपतीच्या सुट्टीत ते काय आहे ते कळलं. मुंबईच्या डॉक्टरांनी सगळे फोटो पाहिले, बावतीसला बाहेर बोलावलं आणि सांगितलं, यकृतापर्यंत पोचलंय, आता घरी न्या. फिलू आतून ओरडली, "अरे मला सांगा ना, पोट माझं आहे!" हे बावतीसनेच मला नंतर सांगितलं. सांगताना तो हसला.

तर ती घरी आली आणि मी रोज शाळा सुटली की तिच्याकडे जाऊ लागले. रिक्षा माणिकपूरची गर्दी सोडून आत वळली की हवा बदलायची. दोन्ही बाजूंना केळी, मधे पाण्याचे पाट, पडवळाचे मांडव. घरांच्या अंगणात सुकेळ्यांची गडबड असायची. पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात टाकायची, संध्याकाळी आत घ्यायची, सकाळी परत काढायची. हळूहळू ती आटून मधाच्या रंगाची होतात. रेजिनावहिनी त्या वर्षीही ते करत होत्या. घरात आजारी माणूस असलं तरी केळी पिकायची थांबत नाहीत. अख्ख्या ओटीला तो गोड, आंबूस वास असायचा आणि त्याच वासात, खिडकीशी लावलेल्या खाटेवर, फिलू.

लोक यायचे. गावातल्या बायका, नात्यातले, जुने विद्यार्थी. ऑक्टोबर म्हणजे जपमाळेचा महिना, संध्याकाळी खाटेभोवती बसून प्रार्थना व्हायची. फिलू डोळे मिटून घ्यायची आणि सगळ्यांना वाटायचं ती भक्तीत आहे. ते गेले की डोळे उघडून म्हणायची, "गेले का? सुनंदा, हे लोक माझ्याकडे असं बघतात जणू मी भिंतीवरचा फोटो आहे. तूपण तसंच तोंड करून येणार असशील ना, तर नको येत जाऊस."

मी म्हटलं, "मग कसं तोंड करू?"

"शाळेतलं. दहावी ब ला ऑफ पिरियड मिळालाय असं."

पण शाळेतलं बोलायला गेलं की ती अस्वस्थ व्हायची. तिच्या जागी बदली शिक्षिका आली होती, तिचा विषय टाळायला लागायचा. आजाराचं बोलायचं नाही, पुढचं बोलायचं नाही, मागचं बोललं की रडू येणार. आम्हा दोघींकडे बोलायला काहीच उरेना. मी पंख्याचा वेग कमीजास्त करत बसायची.

मग एके दिवशी तिने मोबाइल माझ्यापुढे नाचवला. कोणीतरी व्हॉट्सअॅपवर पाठवलं होतं, आपल्या मैत्रिणीला विचारा. रंग कुठला, पदार्थ कुठला, स्वप्न काय. आमच्या शाळेतल्या मुली एकमेकींना विचारून खिदळतात तसलं.

"आवडता रंग?" तिने विचारलं.

"कुठलाही."

"कुठलाही नावाचा रंग नसतो. दुसरा प्रश्न. आवडती भाजी?"

"गवार."

ती उशीवरून उठायला गेली. "गवार? डब्यात गवार असली की तू माझा डबा ओढतेस, सुनंदा!"

"यांना आवडते," मी म्हटलं.

"मी तुझ्या नवऱ्याशी बोलत नाहीये गं!"

दारात केळी निवडत बसलेल्या रेजिनावहिनी पदर तोंडाला लावून हसल्या. फिलूही हसली, तिचं ते जुनं हसणं, पण मधेच कळ आली आणि ते तुटलं. मी उठले तर हाताने बस म्हणाली. दम आल्यावर म्हणाली, "उद्या उत्तरं घेऊन ये. खरी. चिडून बोलत नाहीये. मला ऐकायचंय. एवढ्या वर्षांत मीच बोलत आले."

घरी परतताना मी रिक्षात विचार करत होते. गणित शिकवणाऱ्या बाईला प्रश्न सोडवता येऊ नये, तोही इतका सोपा, याची गंमत वाटत होती. स्वयंपाक करता करता मी स्वतःला विचारलं, गवार नाही, मग काय? आणि हातातली पळी तशीच राहिली. मला खरंच माहीत नव्हतं.

यात कोणाचा दोष होता असं नाही. आमच्या माणदेशात लहानपणी घरात विचारला जाणारा प्रश्न एकच, पाणी आलं का. ताटात जे येईल ते जेवायचं. लग्न ठरताना मला शिक्षण विचारलं, स्वयंपाक विचारला. नवरा भला माणूस आहे. हॉटेलात गेलो की तो दोन मसाला डोसे सांगतो, मी खाते, डोसा चांगला असतो. मुलाच्या आवडी मला पाठ होत्या, सासूबाईंच्या त्या गेल्यानंतरही पाठ आहेत. इतकी माणसं सांभाळली की आपलं राहून जातं, असं बायका म्हणतात. मला वाटतं राहून जायलासुद्धा आधी काहीतरी असावं लागतं.

दुसऱ्या दिवसापासून मी शोधायला लागले. मंडईत टोपल्या घेऊन बसलेल्या बायकांपुढे उभी राहून प्रत्येक भाजीकडे बघायची. शिराळं हातात घेतलं, त्याच्या धारा बोटांना लागल्या, आणि आठवलं की शिराळ्याच्या सालांची चटणी मी करते तेव्हा तव्यावरची जळकी कड आधी मी खाते, कोणाला न देता. ते मी फिलूला सांगितलं. तिने डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, "हं. हे झालं उत्तर." रंगाला चार दिवस लागले असतील. शेवटी सापडला तो केळीच्या कोक्याचा, म्हणजे केळफुलाचा, बाहेरून नाही, पाकळी उलगडल्यावर आतल्या बाजूला असतो तो. वांगी म्हणावा तर नाही, तांबडा म्हणावा तर नाही. बावतीसने लगेच वाडीतून एक कोका तोडून आणला आणि फिलूच्या पांघरुणावर ठेवला. ती म्हणाली, "अशी साडी कुठे मिळते का बघ रे." तो म्हणाला, "बघतो." कुठे बघणार होता तो!

मग तिचे प्रश्न तिचे स्वतःचे झाले. आवडता आवाज कुठला? मी सांगितलं, शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गातला पंखा बंद केला की पाती थांबत जातात, तो. कोणता शब्द उच्चारायला बरा वाटतो? "लसावि," मी म्हटलं, आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की रेजिनावहिनी आतून धावत आल्या, काय झालं म्हणून. कोणाला एक थोबाडीत मारायची आहे? याचं उत्तर मी इथे लिहिणार नाही, पण ते दिलं. मला माझीच ओळख होत होती. त्या घामट दुपारी ज्या घरात एक माणूस मरत होतं, तिथे मी रोज थोड्याशा आनंदानेच जात होते. याची मला तेव्हा लाज वाटली नाही आणि आताही वाटत नाही. फिलूच्या चेहऱ्यावर दिवसातून एवढाच वेळ काहीतरी असायचं.

एका दुपारी तिने विचारलं, "स्वप्न काय?"

मी म्हटलं, "मुलाचं लग्न..."

"सुनंदा."

बाहेर पाटाचं पाणी केळीच्या आळ्यात शिरताना आवाज करत होतं. मी म्हटलं, "मला पोहायचंय."

खरंच, ते कुठून आलं मला माहीत नाही. आमच्याकडे पोहण्याइतकं पाणीच नव्हतं. इथे येऊन एवढी वर्षं झाली, समुद्र दोन रिक्षा बदलल्या की येतो, पण घोट्याच्या वर मी कधी भिजले नाही. पाण्यावर पाठ टेकून आडवं पडलेलं माणूस पाहिलं की मला भीती नाही, हेवा वाटतो. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. मलाही नाही.

फिलू खाटेवर उठून बसली. "रेजिना! ट्यूब कुठेय? ट्रकची ट्यूब?"

त्यांच्या वाडीच्या टोकाला बावखल होतं. पावसाचं गोडं पाणी धरून ठेवणारं तळं, आमच्या वसईतल्या जुन्या वाड्यांना असल्या तळ्यांतूनच पाणी मिळायचं. फिलू त्यातच पोहायला शिकली होती. पावसाळा नुकताच सरला होता म्हणून ते काठोकाठ होतं. बावतीसने खुर्चीसकट तिला उचलून काठावर माडाच्या सावलीत नेऊन ठेवलं. मी फिलूचा जुना गाऊन घातला. रेजिनावहिनी लुगडं खोचून आधी उतरल्या, छातीभर पाण्यात उभ्या राहिल्या आणि हात पुढे केला. "ये गो बाय, मी हाय ना. काय नाय होत."

पाणी वरून कोमट होतं आणि खाली गार. पाय चिखलात रुतले तशी मी किंचाळले. काठावरून फिलू ओरडत होती, तिचा आवाज खाटेवरच्यापेक्षा मोठा झाला होता. "हनुवटी वर! पोट वर! अगं गणित करू नकोस, आडवी हो!"

मी आडवी झाले. ट्यूब मानेखाली, रेजिनावहिनींचा तळवा पाठीखाली. कान पाण्यात गेले आणि सगळे आवाज बंद झाले. वर माडाच्या झावळ्या आणि त्यांच्यामधून ते पिवळं ऊन. कधीतरी पाठीखालचा तळवा निघाला होता. मला ते कळलं नाही. कळलं तेव्हा मी बुडाले, नाकातोंडात पाणी गेलं, खोकत उभी राहिले, आणि काठावर फिलू टाळ्या वाजवत होती. "तरंगलीस! रेजिना, तरंगली ना ती?"

"तरंगली तर," वहिनी म्हणाल्या.

"उद्या हात मारायला शिकवते," फिलू म्हणाली.

ते बावखल आता नाही. शेजारच्या हिस्सेदाराने त्याच्या बाजूने भराव टाकायला सुरुवात केली, मग बावतीसच्या बाजूचं पाणी सडलं, मग त्यानेही हात टेकले. मागच्या वर्षी तिकडून आलेल्या एका पालकांनी मला हे सहज सांगितलं. तिथे आता गाड्या लावतात.

आणि तो उद्याही आला नाही. त्या रात्रीच फिलूला ताप भरला. मला वाटलं, आपल्यामुळे. तिला काठावर नेल्यामुळे. डॉक्टर म्हणाले, तसं काही नाही, हे व्हायचंच होतं. मला ते ऐकून बरं वाटायला हवं होतं. आपल्या हातून काही बिघडत नाही म्हणजे आपल्या हातून काही सुधारतही नाही, एवढंच मला ऐकू आलं. त्यानंतर ती खाटेवरून उठली नाही. डोळे पिवळे झाले, मग हात, मग सगळं अंग. ऑक्टोबरचं ऊन सरून सकाळी दव पडू लागलं. नोव्हेंबर लागताच मृतांचा दिवस झाला, गावातल्या बायका थडगी धुऊन, फुलं वाहून आल्या, आणि खाटेजवळून जाताना आवाज न करता चालू लागल्या.

एकदा ती शुद्धीत होती, वेदनेचं औषध नुकतंच दिलं होतं. मी म्हटलं, "सगळे प्रश्न मलाच विचारलेस. आता तू सांग."

"काय?"

"स्वप्न काय तुझं?"

ती माझ्यावर चिडली. मला वाटलं नव्हतं. "मला कशाला विचारतेस? मला काय आता त्याचं?" मग तोंड भिंतीकडे केलं. ती भिंतीशीच बोलल्यासारखी म्हणाली, "मला कंटाळा यायला हवाय."

"म्हणजे?"

"जूनमध्ये शाळा उघडते. पहिली स्टाफ मीटिंग. तीच कामं वाटून देतात, तेच भाषण. मी मागच्या बाकावर बसलेय, तुला कोपर मारतेय, कधी संपणार गं हे, म्हणून. तेवढं हवंय. बास. आणखी काही नको."

मी तिचा हात धरला. ती म्हणाली, "लोकांना वाटतं मरणाऱ्या माणसाला काहीतरी कळतं. फादर विचारतात, मन शांत आहे ना? मी हो म्हणते, ते बिचारे चांगले आहेत. मला काही कळलेलं नाहीये, सुनंदा. काही म्हणजे काही नाही. मला फक्त जायचं नाहीये."

ते आमचं शेवटचं नीट बोलणं. त्यानंतर ती माणसं ओळखायची, पण तिच्या घरच्या बोलीत बोलायची, लहानपणीची. ती बोली मला निम्मीच समजते. रेजिनावहिनी सांगायच्या, "पाणी मागते," "आईला हाक मारते." मी मान हलवायची.

आता माझं म्हणाल तर मला माझ्या आवडी ठाऊक आहेत. रंग ठाऊक आहे, शिराळ्याच्या चटणीची कड ठाऊक आहे. यामुळे आयुष्य बदलतं असं मला कोणी सांगितलं तर मी भांडेन. घरात गवारच होते. महापालिकेच्या पोहण्याच्या तलावावर बायकांची वेळ विचारून आले, ती शाळेच्या वेळेत आहे. निवृत्तीनंतर बघू, असं नवरा म्हणाला, प्रेमानेच म्हणाला. माहीत नव्हतं तेव्हा कशाची उणीव नव्हती. आता दुकानात त्या कोक्याच्या रंगाचं काही दिसलं की मी हात लावून बघते आणि पुढे जाते. सांगायचं कोणाला? माझी आवड ऐकायला जिला आवडायचं ती एकच होती. तिच्यावाचून या आवडी नुसत्या माहितीसारख्या पडून राहिल्यात. मुलगा, नवरा, शाळा, सगळं ठीक आहे. शिकवते, वह्या तपासते. संध्याकाळी मंडईत जाते. हे दिवस आले की तेवढं ऊन सोसत नाही.

ती गेली तेव्हा नाताळ जवळ आला होता. गावात घरोघरी कागदाचे तारे लागले होते, येशूजन्माच्या गोठ्याच्या देखाव्यासाठी मुलं गवत गोळा करत होती. शवपेटी त्या ताऱ्यांखालून गेली. एका घरी कोणीतरी ताऱ्यातला दिवा दुपारचाही चालू ठेवला होता. चर्चमध्ये फादरांनी सांगितलं, फिलोमिना टीचरनी देवाची इच्छा हसतमुखाने स्वीकारली. पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळे पुसले. माझ्या मनात आलं उठून सांगावं, तसं नव्हतं हो. पण मी कुठली, मला तिथल्या प्रार्थनेत कधी उभं राहायचं आणि कधी बसायचं हेसुद्धा शेजारणीकडे बघून कळत होतं.

मातीच्या तीन मुठी मीही टाकल्या. मग सगळे घरी आले. अंगणात बाकं मांडली होती, रेजिनावहिनी आत होत्या, नातेवाइकांनी वेढलेल्या. त्यांच्यापर्यंत मला पोचता आलं नाही. मी कडेच्या बाकावर टेकले. शेजारी लाल लुगड्यातली एक म्हातारी होती, नात्यातली कोणीतरी, लांबून आलेली. तिने माझ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि विचारलं, "तू फिलूची कोण गो?"

मी तोंड उघडलं. बरंच काही तोंडाशी आलं.

"शाळेतली," मी म्हटलं.

म्हातारीने समजल्यासारखी मान हलवली. चहाचा ट्रे घेऊन बायका येत होत्या, मागून आणखी माणसं येत होती, बाकांवर जागा कमी पडत होती. ती पलीकडे उभ्या असलेल्या बाईकडे वळली आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवून, अगदी मायेने, तिला म्हणाली, "थांब जरा, ही शाळेतली हाय. जाईल आता."

मी उठले आणि त्या बाईला जागा करून दिली.